दोघींच्या सारख्याच वेण्या

२००६ साली, हाफ टर्मच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, लंडनच्या क्रॉयडनमधल्या एका सेकंडरी स्कूलने माझ्या मुलीच्या मैत्रिणीला वर्गातून उठवून आयसोलेशन रूममध्ये एकटं बसवलं. नियमात ‘एक्स्ट्रीम हेअरस्टाइल’ला मनाई होती आणि तिच्या वेण्या त्यात धरल्या गेल्या. वेण्या सोडल्या की वर्गात यायचं, असं तिला सांगण्यात आलं. मुलगी कृष्णवर्णीय, जीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, वर्षाला. बुधवारी सायन्सचं प्रॅक्टिकल होतं आणि त्याचे मार्क निकालात धरले जाणार होते.

माझ्या मुलीच्या डोक्यावर तशाच वेण्या होत्या, बारीक, डोक्याला चिकटून. सुट्टीत त्या मैत्रिणीच्या आईने आपल्या किचनमध्ये दोघींच्या घातल्या होत्या. त्या बाई नर्स होत्या. मी मुलीला सवयीप्रमाणे डोक्याला तेल लावून पाठवलं होतं.

“आंटी, हिच्या डोक्यावर चिप्स तळता येतील,” मैत्रीण तिथून मला फोनवर म्हणाली होती. केस धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागली.

माझ्या मुलीला वर्गातून कोणी उठवलं नाही.

“आई, माझा वेणी पण सेम आहे,” ती घरी येऊन म्हणाली. “मिस मला ‘लव्हली’ म्हणाली.”

“शाळेचं प्रकरण आहे,” नवरा म्हणाला. “आपण कशाला मध्ये पडायचं?”

“बाबा, मी शाळेत बोलायला जाणार आहे,” मुलगी म्हणाली.

मंगळवारी मैत्रिणीच्या आईबरोबर आम्ही दोघी हेड ऑफ इयरना, म्हणजे त्यांच्या इयत्तेच्या प्रमुखांना, भेटलो.

“दोघींच्या वेण्या मीच घातल्या,” त्या म्हणाल्या. “शिक्षा एकीलाच का?”

“हिचं वेगळं आहे.” ते माझ्याकडे वळले. “तुमच्या संस्कृतीचा भाग आहे. आम्ही त्याचा मान ठेवतो.”

मी सांगितलं, की आमच्याकडे अशा वेण्या कोणी घालत नाही. ही रीत यांच्या घरची.

“मग मान ठेवा ना,” मैत्रिणीची आई म्हणाली.

हेड ऑफ इयरनी हेडटीचरशी बोलून कळवतो म्हटलं.

“तोपर्यंत मी पण आयसोलेशनमध्ये बसते,” माझी मुलगी म्हणाली. “रूल सेम आहे ना?”

बुधवारी सकाळी ती तिथे जाऊन बसली. प्रॅक्टिकल त्या दोघींशिवाय झालं. दुपारी हेडटीचरनी दोघींना वेण्यांसकट वर्गात घेतलं. मैत्रिणीच्या आईने फोन करून प्रॅक्टिकलचं विचारलं, तेव्हा ते दोघींसाठी शुक्रवारी शाळा सुटल्यावर घ्यायचं ठरलं. ते झालं. नियमातले शब्द त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीसही तेच होते.