आधी अवघड माणसं

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि त्यातलंही अर्धं गुरांमागे गेलं. तरी आज कोणी मला विचारलं, की घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर बसवायची तर कोणता प्रोग्राम घ्यावा, तर मी सांगू शकतो आणि ठासून सांगतो. ही अक्कल माझी नाही, माझ्या सुनेची. अट मात्र माझी होती. ती अट नसती तर पहिलाच रंगीत प्रोग्राम घेऊन आम्ही मोकळे झालो असतो.

आमच्या भावकीचं मुंबईत मंडळ आहे. गाव कोकणात, माणसं बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेली. वर्षातून एकदा घाटकोपरला हॉल घेऊन सगळे जमतो. यंदा अध्यक्षाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, ठरवलं की घराण्याची वंशावळ मोठ्या फ्लेक्सवर छापून हॉलमध्ये लावायची, प्रत्येक घराने आपली शाखा करून द्यायची. गावात जुनी वंशावळ आहे, पण तिच्यात नुसते पुरुष. वाचली तर वाटतं, आमच्याकडे पुरुषांना पुरुषच होत होते. या वेळी बायका आणि मुलीही घ्यायच्या ठरल्या. मला ते आवडलं.

मी सांगितलं, शाखा देतो. पण खानावळीची मावशी माझ्या वर लागली पाहिजे, माझ्या आईच्या शेजारी. नाही लागली तर माझी शाखा विसरा.

मावशी कोण, ते सांगतो. माझी आई मी लहान असताना गेली. मिसरूड फुटायच्या आत मी मुंबईला काकाकडे आलो आणि गिरणीत लागलो. काकाच्या खोलीत झोपायला जागा होती, जेवायला नव्हती. आम्ही दहा-बारा जण एका बाईच्या खानावळीत जेवायचो. ती घाटावरची, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आम्हाला मासे लागतात म्हणून ती कालवण शिकली. मला विषमज्वर झाला तेव्हा काकाच्या खोलीतून उचलून तिने मला आपल्याकडे नेलं, आणि बरा झाल्यावर परत पाठवलंच नाही. माझं लग्न होऊन मुलगा चालायला लागेपर्यंत ती होती. तिचं नाव मला ठाऊक आहे, आडनाव नाही. कधी विचारायची गरजच पडली नाही.

चुलतभावाचा फोन आला. "दादा, ती घाटावरची बाई. रक्ताची नाही, नात्याची नाही. उद्या कोणी किराणावाला लावेल वंशावळीत." मी फोन ठेवला.

कांजूरमार्गला माझा मुलगा आणि सून माझ्याकडे राहतात. लोक उलटं म्हणतात, पण खोली माझी आहे. सून मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. तिथे पाण्याचे व्हॉल्व्ह बनतात आणि ती तपासणीत आहे. व्हॉल्व्ह बाहेर जाण्याआधी त्यावर जास्तीत जास्त दाब देऊन तो कुठे गळतो ते बघायचं, हे तिचं काम. घरीही ती तशीच आहे. नवीन कुकर आणला तरी पहिल्या दिवशी त्यात भात लावत नाही, नुसतं पाणी उकळून शिट्टी बघते.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. मला वाटलं, पणजोबापासून सुरुवात करेल. तर म्हणाली, "बाबा, सरळ माणसं नंतर. आपल्या घरातली अवघड माणसं आधी सांगा. त्यांना जो सांभाळेल तो प्रोग्राम चांगला."

मी तीस वर्षं मशीनवर काढली, पण हे मला सुचलं नसतं. अवघड माणसं आमच्याकडे मुबलक. एका चुलत्याने बायको गेल्यावर तिच्याच बहिणीशी लग्न केलं. एका भावाने मामाची मुलगी केली. आमच्या घरातल्या सुनांची नावं लग्नात बदलली, म्हणजे एका बाईला दोन नावं. आणि सगळ्यात अवघड आम्हीच. आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मला माझ्या आजोबाचं, माझ्या मुलाला माझ्या बापाचं. त्यामुळे माझा बाप आणि माझा मुलगा, दोघांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एकच.

पहिला प्रोग्राम इंटरनेटवरचा. दिसायला झकास, हिरवं झाड, त्यावर फोटोंचे गोल. सुनेने माणसं भरली आणि चहा ठेवायला उठली. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला, ही दोन माणसं एकच दिसतात, जोडू का? मुलगा शेजारी बसला होता. नाव आपलंच बघून त्याने हो दाबलं. झालं. मी माझ्याच मुलाचा मुलगा झालो, आणि माझी बायको स्वतःच्या नवऱ्याची आजी. बायको पडद्याकडे बघून म्हणाली, म्हणूनच एवढी वर्षं माझं कोणी ऐकत नाही.

मुलगा ओशाळला. सुनेला ते बरंच वाटलं, कारण गळती सापडली होती. मग तिने दोन गोष्टी शोधल्या. एक, सगळी वंशावळ आपल्या हातात फाइल म्हणून काढून घेता येते का, अशी की दुसऱ्या प्रोग्रामलाही ती वाचता यावी. तिथे नुसतं चित्र मिळत होतं. दुसरं, वर्गणी. थोडी माणसं फुकट, पुढे दर वर्षी पैसे. ती म्हणाली, एखाद्या वर्षी नाही भरले तर आपली माणसं कोणाकडे राहणार? जिवंत माणसांच्या जन्मतारखा परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायलाही ती तयार नव्हती. तो प्रोग्राम बाद झाला.

दुसरा फोनवरचा, मंडळाने सुचवलेला, सगळा मराठीत. मला वाचता येत होता म्हणून मला तो आवडला होता. पण त्यात एका मुलाला एकच आई. मावशीला घातलं तर ती कडेला, 'इतर' म्हणून, कुठलीच रेघ न लागता एकटी उभी. मी म्हटलं, हा चालणार नाही. मुलगा म्हणाला, बाबा, दिसतेय ना ती, मग झालं की. मी म्हटलं, तुला घरात ठेवून 'इतर' म्हटलं तर चालेल काय? सुनेने फोन बाजूला ठेवला आणि पुढच्या रविवारी तिसरा काढला.

तिसरा दिसायला रेशन ऑफिससारखा. करड्या चौकटी, बटणं इंग्रजीत, झाड नाही, पान नाही. पण फुकट, आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारा, आणि नावं मराठीत घेणारा. एकाच नावाची दोन माणसं त्याने गुपचूप वेगळी ठेवली. बायकोची दोन्ही नावं घेतली. मामाची मुलगी करणाऱ्याला दोन वाटांनी जोडून दिलं. मावशीच्या आडनावाची जागा रिकामी सोडली तरी कुरकुर केली नाही. आणि एका मुलाला आईबापांच्या हव्या तितक्या जोड्या. नातं कसलं, ते आपल्या शब्दांत लिहायची सोय. सुनेने लिहिलं, 'वाढवलं'.

मग तिने सगळी वंशावळ फाइलमध्ये काढली, पेन ड्राइव्हवर ठेवली आणि माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटरवरून प्रोग्राम पुसून टाकला. तिने तो परत घातला, फाइल उघडली, आणि एकेक करून मोजून घेतलं. सगळी माणसं परत आली, मावशीसकट, तिच्या रेघेसकट. गिरणीतल्या मास्तरांनी मशीन उघडून जोडलेलं मी पाहिलंय, पण इतक्या शांत हाताने कोणी केलेलं आठवत नाही.

एकच राहिलं होतं. प्रत्येक नात्याखाली एक रकाना होता, हे कशावरून माहीत. सुनेने तो सगळ्यांचा भरला होता. कोणाचा दाखला, कोणाची लग्नपत्रिका. मावशीच्या रकान्यापाशी तिने मला विचारलं, "बाबा, कशावरून?"

मी भडकलो. म्हटलं, मी सांगतो म्हणून. ती म्हणाली, तुम्ही सांगता ते मी मानते, पण हॉलमध्ये मानायला हवं. तेव्हा बायको कोथिंबीर निवडता निवडता बोलली. "माझं सूनमुख त्यांनी बघितलं. लिही गो."

लग्नात सासू नव्या सुनेला जवळ घेऊन आरशात तिचं तोंड बघते आणि तिच्या तोंडात साखर घालते, ते सूनमुख. मावशी विधवा, म्हणून आमच्या बायकांनी कुजबूज केली होती. मी म्हटलं होतं, ती बघेल, नाहीतर कोणी बघणार नाही. हे मी विसरलो नव्हतो. पण पुरावा म्हणून हे चालतं, हे मला कोण सांगणार? सुनेने लिहिलं, 'सूनमुख पाहिलं. सांगणारी, स्वतः सून.'

शाखा जमा करायच्या दिवशी सुनेने आमच्या शाखेचा मोठा कागद अध्यक्षाच्या टेबलावर पसरला. चुलतभावाने चष्मा लावून वरून खाली वाचलं. मावशीच्या चौकटीवर बोट थांबलं. मी भांडायच्या तयारीत होतो, शब्दही ठरवून आलो होतो. त्याने खालची ओळ वाचली, परत वाचली. मग माझ्या बायकोकडे बघितलं.

"वहिनी, आरसा मी धरलेला. आठवतंय?"

"हात थरथरत होते तुझे," बायको म्हणाली. "माझं नाकच तेवढं दिसत होतं."

त्याने कागद सुनेकडे सरकवला. "मग ते का नाही लिहिलंस? साक्षीदार जिवंत बसलाय इथे."

सुनेने पर्समधून पेन काढलं, तिथेच कडेला लिहिलं, आणि घरी गेल्यावर प्रोग्राममध्येही घालते म्हणाली. त्याने एकदा वाचून बघितलं. मग कागदाची गुंडाळी करून फ्लेक्सवाल्याच्या हातात दिली.

हॉलमध्ये लावलेला फ्लेक्स आता मंडळाच्या कपाटात आहे. मावशीची चौकट आईच्या चौकटीपेक्षा थोडी खाली आलीय. मी फ्लेक्सवाल्याला बोललो. पुढच्या वेळी सरळ करून देतो म्हणाला. मी लक्षात ठेवलंय.