अण्णांनी दुकान वाढवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगतेय तेही वैतागून — कारण काल संध्याकाळी अण्णांनी परत तेच विचारलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, निपाणीचे कासार. पणजोबा डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन गावोगाव हिंडायचे, आजोबांनी पेठेत दुकान मांडलं, अण्णांनी ते जन्मभर चालवलं. बांगडी भरायला मी त्याच गादीवर शिकले. आमच्यात बांगडी 'फुटली' म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा — 'वाढवली' म्हणायचं! दुकानसुद्धा कधी 'बंद' करायचं नाही, 'वाढवायचं'. रोज संध्याकाळी कानावर पडलेला शब्द. तो मी विसरेन? कसली विसरते!

तीन वर्षं झाली. मी बेंगळुरूला, इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिसात होते आणि अण्णांचा फोन आला. "श्रावण संपला की दुकान वाढवावं म्हणतोय. तू येऊन जा की. गादीवर बसून तुझ्या हातात चुडा भरायचाय."

आवाज असा बसलेला. आणि मी? मी खुशीत ओरडले — "वाढवा की अण्णा! चांगलं मोठं करा, काचेचं शोकेस लावा!"

"सरी, बरं," एवढंच ते म्हणाले. आणि फोन ठेवला.

मी गेले नाही. दुकानाच्या फळ्या त्यांनी एकट्यानं लावल्या, कायमच्या. नंतर मी सगळ्यांना सांगितलं, मला वाटलं दुकान मोठं करतायत! सगळे हसले — बेंगळुरूला जाऊन पोरगी मराठी विसरली. आता लग्नाकार्यात अण्णाच हा किस्सा सांगतात, मला सांभाळून घेत. आणि मीही हसते. शी!

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. रजा मागायची नव्हती, रिकामे कप्पे बघायचे नव्हते, आणि अण्णा म्हणाले असते, "तूच बस आता गादीवर," तर? — म्हणून मी न कळल्याचं सोंग केलं. सबब म्हणून नाही सांगत. केलं ते हे असं केलं.

आता अण्णा आमच्याकडेच असतात. संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की विचारतात, "वाढवलंस काय ग काम?" आणि लगेच, मला समजावं म्हणून, सावकाश सांगतात — "म्हणजे, बंद केलंस काय?"

कालही मी "हो" म्हणाले.