काका उसवतात

माझे काका शिंपी. पण शिवण्यापेक्षा उसवण्यात त्यांचा हात जास्त बसलेला. ताईनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, घातलेली एकही शिवण त्यांनी जिवंत ठेवली नाही. गिऱ्हाइकासमोर ब्लेड फिरवायचे आणि वर म्हणायचे, "आता बघ कशी बसते!"

शेवटी ताईनं सांगून टाकलं, "बाबा, समुपदेशक बाईंकडे जा. नाहीतर मी दुसऱ्या दुकानात चालले."

"मला काय वेड लागलंय?"

"तुम्हाला कुठलं? आम्हाला लागायची पाळी आलीय," काकू आतून म्हणाल्या.

पहिल्याच भेटीत काकांनी बाईंचा पडदा हेरला. "खालची घडी तिरपी आहे. उसवून देऊ?"

"राहू दे. बघताना काय होतंय ते सांगा."

"पोटात गोळा येतो."

"असा गोळा आधी कधी यायचा?"

काकांनी पडद्यावरची नजर काढली. आमच्या घरात ही घटना ऐतिहासिकच. मग हळूहळू बाहेर आलं. लहानपणी आजोबा काकांची शिवण चारचौघांत टराटरा उसवायचे; तिथंच उभं राहायचं, रडायचं नाही. तेव्हापासून शिवण दिसली की आता कुणीतरी हसणार, असं वाटायचं. त्याआधी आपणच उसवून मोकळं व्हायचं.

कळलं म्हणून सुटलं, असं मात्र झालं नाही. उलट काका दुप्पट अडकले. "बाई, आधी नुसता उसवत होतो. आता रडत उसवतो!"

"गोळा येऊ द्या. आल्यावर लगेच काही करू नका, एवढंच करून बघू."

महिनाअखेरीला ताईनं एका कोटाला अस्तर लावलं. बाहीपाशी किंचित चुणी. गिऱ्हाईक दारात. काकांनी ब्लेड उचललं. ताईनं मान खाली घातली, कधीकाळी काका घालत असतील तशी. काकांनी ती मान पाहिली. ब्लेड बोटांत तसंच.

"घ्या," ते कसंबसं म्हणाले. "मुलीनं शिवलाय."

गिऱ्हाईक गेलं. काका खुर्चीत बसले, पकडून आणल्यासारखे.

"चुणी होती."

"माहीत आहे, बाबा."

"मग ते दुसरं दुकान?"

"येत नाही म्हणून कळवते."

काकांनी मान डोलावली. पोटातला गोळा काही हलला नव्हता. जरा वेळानं ते उठले. "कोटवाला लांब गेला नसेल. हाक मारू?"

ताई दारात आडवी उभी राहिली.