गोदूबाईंची बारीक धार

बोर्लीच्या बाजूला, समुद्रालगत, गोदूबाईंची सुपारीची वाडी आहे. दर थंडीत मृणाल आणि पियूष हे जोडपं ठाण्याहून आपली राहायची गाडी घेऊन येत. गाडीतच गादी, ओटा, मोरी, पाण्याची टाकी. मुक्काम गोदूबाईंच्या अंगणात. यंदा मात्र गाडी दगडी गडग्यापलीकडे, धाकट्या जावेच्या, नीराबाईंच्या अंगणात वळली.

गोदूबाईंना चहा गोड लागेना. कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या न्हाणीवरच्या टाकीतून येणारी धार करंगळीएवढी. गाडीची टाकी भरायला अर्धी सकाळ जायची. नीराबाईंनी दिवाळीला नवा पंप बसवला होता.

गोदूबाई गडग्याशी जाऊन शेवग्याचा पाला काढू लागल्या. पाल्याची भाजी कालच झाली होती.

"टाकी कशाला भरत बसायची? पाइप सरळ गाडीतल्या नळालाच जोडा," नीराबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्याकडं फोर्स हाय! कुणासारखी मुंगीची धार न्हाय."

गोदूबाईंनी पाला सोडून अख्खी फांदीच मोडली.

पाइप जोडला, पंप सुरू झाला आणि गाडीत फट्‌कन आवाज झाला.

"बंद करा! काकू, बंद करा!" मृणाल ओरडली. मोरीखालच्या नळीचा सांधा निसटून पाणी थेट गादीवर उडत होतं.

"गाडीतल्या नळ्या नाजूक असतात," पियूष ओला होऊन उतरला. "एवढा जोर सोसत नाही त्यांना."

"फोर्स हाय ना पण!" गोदूबाई गडग्यावरून म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

थोड्या वेळानं मृणाल गादी घेऊन आली. "मावशी, गडग्यावर वाळत घालू?"

"आता आठवली व्हय मावशी? पाणी बारीक म्हणून गेलीस ना?"

"पाण्याचं काय! टाकी हळूहळू भरली तरी चालते, पुढे नळाला पाणी चढवायला गाडीतला छोटा पंप आहेच. गेल्या वर्षी तुम्ही सगळा वेळ पाइप धरून उभ्या राहिलात. कंबर धरली तुमची. पियूष म्हणाला, यंदा मावशींना त्रास नको."

गोदूबाई गादीची सुरकुती काढत राहिल्या.

"तरास कसला? तू दगडावर बसून बोलायचीस. टाकी लवकर भरली असती, तर उठून गेली असतीस."

सांधा बसवून गाडी गोदूबाईंच्या अंगणात आली. या वेळी पाइप मृणालनं धरला आणि दगडावर गोदूबाई बसल्या.

गडग्यापलीकडे नीराबाई शेवग्याचा पाला काढू लागल्या होत्या.