सासूबाईंच्या गॅसवर खिमा

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटच्या होस्टेलात लोणी लावलेला भाजका आलू आपण चौघींत वाटून खायचो, आठवतं?

आज सौंसरला, सासरी, तेच केलं. दाढा काढल्यापासून आमचे हे चार दिवस धड जेवले नव्हते. मऊ आलूवर यांना आवडणारा खिमा घालू म्हटलं.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मटण शिजत नाही. ते असलं की त्या जेवतातही वेगळ्या. म्हणून अंगणात शेगडी मांडली, पण ती पेटेचना.

सासूबाई पाहत होत्या. "आण तो खिम्याचा गंज आत, गॅसवर."

"आई, तुमच्या गॅसवर?"

"मंग? पोरगं उपाशी हाय माह्यं. साठीचा झाला, तरी जेवणावर रुसूनच राहिला!"

खिमा शिजला. मग त्यांनीच वाटणी सांगितली, "त्याले दोन आलू, वर खिमा भरपूर. तुले एक. मले साधा, तुपाचा. अन् माह्यं ताट त्याच्याजवळ मांड."