मालकिणीच्या धुराड्याला टेकलेलं घर

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन गावात मिसेस ब्लँटनच्या घरी केझाया कपडे धुवायची. ती गुलाम होती, तिचा नवरा एनॉसही. १८६१च्या मे महिन्यात गुलामगिरी राखायला व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं आणि बंडवाल्यांनी एनॉसला लढाईचे खंदक खणायला जुंपलं. तेवढ्यात बातमी आली की तीन गुलाम होडीनं मन्रो किल्ल्यावर गेले आणि तिथल्या सरकारी फौजेनं त्यांना मालकाकडे परत धाडलंच नाही. फौज म्हणे, हा लढाईत जप्त केलेला माल!

"काहीही म्हणू देत," केझाया म्हणाली. "ऊठ, निघू या."

"आणि परत हाकललं तर?"

"तर ब्लँटनबाईची धुणी आहेतच की."

खाडीकाठानं चालत दोघं किल्ल्यात पोचली. एनॉस धक्क्यावर ओझी उचलू लागला, केझाया शिपायांचे कपडे धुऊ लागली. एक शिपाई तिला चिडवायचा, "काय गं, जप्तीचा माल!" एकदा तिनं त्याचा ओला सदरा त्याच्याच अंगावर फेकला. "मालाला हात असतात होय रे? घे, तूच वाळत घाल." मग तो तिला नावानं हाक मारायला लागला.

ब्लँटनबाई आणि गावातले इतर गोरे आधीच पळाले होते; ऑगस्टमध्ये गाव सरकारी फौजेच्या हाती लागू नये म्हणून बंडवाल्यांनी हॅम्प्टन पेटवून दिलं. उरली नुसती विटांची धुराडी. पळून आलेल्या लोकांनी त्यांना टेकून फळ्यांची खोपटी उभारली. केझायानं नेमकं ब्लँटनबाईचं धुराडं धरलं. "इतकी वर्षं यात लाकडं मीच सारली," ती शेजारणीला म्हणाली. "धूर कुठं कोंडतो ते मला ठाऊक."

१८६३च्या जानेवारीत सरकारचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला. सरकारी फौजेच्या ताब्यातले काही भाग त्यातून वगळले होते, हॅम्प्टनही. एनॉस खट्टू झाला. "म्हणजे आपण अजून मालच?"

"कागदाची वाट बघितली असती तर अजून तिथंच असतो," मक्याची भाकरी त्याच्यापुढं सरकवत केझाया म्हणाली. "जेव आधी."

त्या वर्षअखेरीस एनॉस सरकारी फौजेत भरती झाला. युद्ध संपल्यावर लंगडत का होईना, परत आला. देशभरातली गुलामगिरी संपली, आणि मिसेस ब्लँटनही परतली.

"केझाया, ही जागा माझी आहे."

"जागा तुमची, बाईसाहेब. फळ्या माझ्या."

तिनं आणि एनॉसनं फळ्या उपसल्या आणि ओढ्यापलीकडं दुसरं घर बांधलं. दोन वर्षांनी काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला आणि एनॉसनं पहिलं मत दिलं. बायकांना, म्हणजे केझायालाही, मत नव्हतं, तरी ती सोबत गेली आणि त्याचं मत पडेपर्यंत दारातून हलली नाही.