मत नसलेल्याचा आहेर

सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही आता राहत नाही. तरीही अमेरिकेत निवडणूक आली की त्या घरातली सकाळ मला ऐकू येते. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग कप बशीत ठेवल्याचा, आणि मग "मला एक सांग." माझे मोठे दीर वाद असा सुरू करायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, आणि ऊठसूट डोळे पुसणाऱ्यांतलीही नाही. पण तो आवाज आला की माझा हात थांबतो.

दोन हजार आठ सालच्या सप्टेंबरात भाऊजी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. तीस वर्षं अमेरिकेत काढलेली, तिथलं नागरिकत्व घेतलेलं. आदल्या वर्षी जाऊबाई गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी तिकडेच दूरच्या शहरात राहत होता. रिकाम्या घरात एकटे बसून काय करणार, म्हणून माझ्या नवऱ्याने हट्टाने बोलावून घेतलं. सासरे लवकर गेल्यामुळे नवऱ्याला वाढवलं ते भाऊजींनीच. कॉलेजची फी, पहिला सूट, पहिलं विमानाचं तिकीट, सगळं त्यांचं. त्यामुळे घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. फक्त एका विषयावर माझा नवरा त्यांना उलटं बोलायचा, तो म्हणजे अमेरिकेचं राजकारण.

नवरा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका अमेरिकन बँकेच्या ऑफिसात होता. पासपोर्ट भारताचा, राहणं सिंगापूरचं, पगार अमेरिकेचा. भारतातल्या मतदार यादीतलं नाव कधीच उडालं होतं, सिंगापूरचे आम्ही पीआर, म्हणजे नुसते कायमचे रहिवासी, असल्यामुळे इथे मत नाही, आणि अमेरिकेत तर त्याला कुणी विचारत नव्हतं. तीन देश मिळून एकही मत नाही. या गोष्टीचा त्याला फार सल होता. मी म्हणायचे, लष्करच्या भाकऱ्या भाजायची एवढी हौस आहे तर आधी घरच्या भाज. त्यावर तो हसायचा, पण पान उलटून पुन्हा तिकडच्याच बातम्या वाचायचा.

भाऊजी म्हाताऱ्या उमेदवाराच्या बाजूचे, नवरा तरुण उमेदवाराच्या. सकाळी दोघे ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये जायचे आणि भांडण अर्धवट राहिलं की ते वर घेऊन यायचे. भाऊजींचा राग पैशावर होता. तरुण उमेदवार आधी सरकारी निधी घेऊन खर्चाची मर्यादा पाळायला तयार होता, आणि देणग्यांचा पूर आला तसा मागे फिरला, हे त्यांना सहनच होत नव्हतं.

"शब्द दिला आणि फिरवला. बाकी त्याचं बोलणं कितीही गोड असू दे."

"दादा, लाखो साध्या लोकांनी दहा-दहा, वीस-वीस डॉलर दिलेत. हे वाईट कसं? तुझ्या म्हाताऱ्याच्या आजूबाजूला बघ, सगळे कंपन्यांचे दलाल!"

"मला एक सांग. ते लाखो लोक कोण? नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा, हे तपासतं कोण? बाहेरच्या देशातल्या माणसाने तिथे एक डॉलर देणं गुन्हा आहे. दुसऱ्याचा पैसा आपल्या नावाने देणं हाही गुन्हा. यातले किती तसे असतील?"

"पुरावा दे."

"शोधलं की मिळेल."

"म्हणजे नाहीये!"

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत. एकाला मतच नाही आणि दुसरा हजारो मैल लांब. आमची बारा वर्षांची लेक हेडफोन काढून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "आय्या, मोठे काका, यू टू सो नॉइझी लाह!" भाऊजी तिला जीभ दाखवायचे आणि पुन्हा तोंड तिकडे. मला खरं तर हे आवडत होतं. जाऊबाई गेल्यापासून ते फोनवर हं-हं एवढंच बोलायचे. इथे त्यांना भांडायला माणूस मिळाला आणि जेवण वाढलं. मी मुद्दाम दोन्ही बाजूंना थोडं तेल घालायचे.

त्यांची मतपत्रिका टपालाने आमच्या पत्त्यावर आली. त्या दिवशी त्यांनी लवकर आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सत्यनारायणाला बसावं तसे टेबलाशी बसले. आम्हाला तिघांनाही खोलीबाहेर काढलं. "गुप्त म्हणजे गुप्त," म्हणाले. नवरा दाराबाहेरून त्यांना चिडवत होता, पण मला त्याच्या चेहऱ्यावर हेवा दिसला. नंतर ते पाकीट टाकायला तो भावाबरोबर पोस्टापर्यंत गेला. रस्ताभर त्याने ते आपल्या हातात धरून ठेवलं होतं, असं भाऊजींनी मला सांगितलं.

भाऊजी उमेदवारांच्या सचोटीवर बोलायला लागले की शेवट ठरलेला असायचा. मुलाचा. "माझ्या पोराने आयुष्यात माझ्याशी खोटं बोललेलं नाही. काच फोडली तर स्वतः येऊन सांगायचा. एवढं साधं आहे. मग या मोठ्या मोठ्या लोकांना का जमत नाही?" तो मुलगा तरुण उमेदवाराचं काम करत होता, संध्याकाळी घरोघर फिरत होता. भाऊजींना त्याचं काही वाटत नव्हतं. चुकतोय, पण सरळ चुकतोय, असं म्हणायचे.

निकालाचा दिवस इथे बुधवार होता. नवऱ्याने रजा टाकली. ऑफिसातली दोन मराठी जोडपी आली, मी मिसळ केली. दुपारी बाराच्या सुमारास टीव्हीवर निकाल सांगितला आणि नवरा सोफ्यावरून उडालाच. मी एवढा आनंद त्याच्या प्रमोशनला पाहिला नव्हता. ते दिवसही वाईट होते. बँका बुडत होत्या, ऑफिसात रोज कुणीतरी खोका घेऊन बाहेर पडत होतं. त्याला काहीतरी चांगलं घडायला हवंच होतं.

भाऊजी उठले, त्याच्याशी हात मिळवला. "लोकांनी निवडला. आता तो माझाही अध्यक्ष." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला. एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पण माझ्या नवऱ्याचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझाही यात खारीचा वाटा आहे बरं का! दादा, तू पुरावा शोधत होतास ना? हा बघ, समोर उभा आहे. पैसे माझे, नाव तुझ्या पोराचं. काका-पुतण्यांनी मिळून ठरवलं!"

लोक हसले. माझा नवराही हसत होता, आणि त्यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. आमच्या सासरी आहेर करायची रीतच तशी. भावंडं कितीही कमावती असोत, सगळ्यांचं मिळून एकच पाकीट आणि त्यावर नाव थोरल्याचं. भाऊजी अमेरिकेत असतानासुद्धा गावच्या गणपतीच्या वर्गणीची पावती त्यांच्याच नावाने फाटायची. या वेळी थोरला विरुद्ध पक्षात, म्हणून थोरल्याचा मुलगा. नवऱ्याच्या लेखी तो आहेरच होता. ज्या देशाने त्याला मत दिलं नाही, तिथल्या मांडवात आपल्याही घरचं काहीतरी गेलं, एवढंच त्याला हवं होतं.

भाऊजी मात्र हसले नाहीत. दोन महिने ज्याचा पुरावा मागितला जात होता तो मिळाला होता, वाद ते जिंकले होते.  त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"अरे, त्यानेच तर भरले!"

भाऊजींनी आपली बशी उचलली, सिंकमध्ये नेऊन धुतली आणि हात पुसत खोलीत गेले. पाहुणे म्हणाले, हरले म्हणून वाईट वाटलं असेल. नवऱ्यालाही तसंच वाटलं. मला वाटलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ते माझ्याबरोबर बाजारात आले. पिशवी त्यांच्या हातात होती. परत येताना मी सरळ विचारलं, "भाऊजी, ह्यांच्यावर रागावलात का?"

"नाही गं. त्याला मीच तसं वाढवलंय, घरातलं सगळं एक." थोडं चालून ते थांबले. "मी भितोय."

"पोलिसांना?"

"छे. घरी गेल्यावर मी पोराला विचारीन. विचारल्याशिवाय मला राहवणार नाही. तो काय उत्तर देईल, याची भीती वाटते."

मी म्हटलं, तो खरं तेच सांगेल. ते म्हणाले, "तेवढंच हवंय मला. केलं म्हणाला, तर एक शब्द बोलणार नाही." मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि कारली काय भाव मिळाली ते विचारलं.

डिसेंबरात ते अमेरिकेला परत गेले. दर रविवारी फोन व्हायचा, तो मात्र जणू वेगळाच माणूस उचलायचा. नवरा त्यांना डिवचायला बघायचा. "दादा, तुझा पक्ष बघ काय म्हणतोय!" पलीकडून यायचं, "असेल." "अरे, तुमचा नेता सरळ खोटं बोलतोय!" "असेल." ज्या माणसाने जन्मात कुणाचं म्हणणं असं सोडून दिलं नाही, त्याचा तो 'असेल' ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मग हवा, गुडघे, बर्फ. नवरा फोन ठेवून म्हणायचा, दादा म्हातारा झाला. मी एकदा म्हटलं, त्यांना नीट विचार तरी काय सलतंय ते. "राजकारणावरून कुणी एवढं रुसतं का? होईल ठीक," असं म्हणून तो आंघोळीला गेला.

पुढच्या ऑक्टोबरात भाऊजी झोपेतच गेले. व्हिसा, विमान, काहीच वेळेत जमलं नाही. डिसेंबरात पुतण्या अस्थी घेऊन भारतात निघाला, तो वाटेत दोन दिवस आमच्याकडे उतरला. अस्थी घरात ठेवत नाहीत. गावाकडे झाडाला बांधतात, आमच्या अकराव्या मजल्यावर झाड कुठून आणायचं? शेवटी मागच्या सर्व्हिस यार्डात, वॉशिंग मशीनशेजारी, कपडे वाळवायच्या बांबूंखाली एक स्टूल मांडून तिथे तो कलश ठेवला. भाऊजींना तशा जागी पाहून मला नवऱ्याचा, सिंगापूरचा, सगळ्या जगाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि पुतण्या बोलत बसला. बाप जसा बोलायचा तसंच, आधी घसा खाकरून. मी दचकले.

"काकू, बाबा लास्ट इयर इथून आले ना, तेव्हापासून ही वॉज नॉट द सेम. ख्रिसमसला मी घरी गेलो होतो. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, तू कधी दुसऱ्याच्या पैशाला आपलं नाव दिलंस का? खरं सांग, मी रागावणार नाही. असं का विचारलं असेल?"

माझा नवरा वाटीतलं दही ढवळत होता, ते थांबलं.

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"नाही म्हणालो. म्हणजे, नाहीच ना. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग 'बरं' म्हणाले आणि टीव्ही लावला. नेव्हर आस्क्ड अगेन."

"अरे, पण माझे पैसे?" नवऱ्याचा आवाज मला ओळखू येईना. "मी पाठवले होते, त्या उमेदवारासाठी..."

"ते? ते बर्थडेचे होते ना, काका? तुम्ही म्हणालात, तुला दिलेत, हवं तर तुझ्या माणसाला दे. मला वाटलं, माझेच." तो हसायला लागला आणि आमची तोंडं बघून थांबला. "काका, तुम्ही बाबांना काय सांगितलं होतं?"

नवऱ्याने सांगितलं. शब्द न शब्द सांगितला, 'मिळून ठरवलं' हेसुद्धा. एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन.

पुतण्याने पुढ्यातला पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाला, "म्हणजे बाबा गेले ते मी खोटं बोललो असं समजून." त्याने ते इतक्या हळू म्हटलं की मला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.  दर रविवारी फोन होत होता. एका वाक्याचं काम होतं.

नवरा उठला आणि मागे यार्डात गेला. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "दादा, त्याला माहीत नव्हतं रे," तो म्हणत होता. "त्याला काही माहीत नव्हतं. मी फुशारकी मारली. पोरगं खरं बोललं तुझ्याशी." तेच तेच, पुन्हा पुन्हा. मग तो, दादा आता काहीतरी उलट बोलेल म्हणून थांबावं तसा, ओल्या कपड्यांखाली मान वाकवून, तिथेच उभा राहिला.